कलम तेरा की चौदा

फ्रेंच प्रतीत चौदा होतं आणि इंग्रजीत तेरा.

हॅलिना इंग्रजी मोठ्यानं वाचत होती आणि मी फ्रेंच प्रतीवर बोट ठेवून तिच्या मागोमाग चालले होते. आमच्या प्रांतात प्रत्येक कायदा दोन्ही भाषांत एकाच वेळी लिहिला जातो आणि दोन्हींचं वजन सारखं धरतात. म्हणून राज्यपालांच्या सहीला जाणारी प्रत शेवटची वाचायची ती अशी, दोघांनी मिळून, स्वल्पविरामासकट. कंटाळवाणं काम आहे. हॅलिना ते करताना मधूनमधून मंत्र्यांच्या आवाजात वाचते, म्हणून निभतं.

"'कलम तेरामध्ये नमूद केलेल्या व्यक्ती वगळून,'" तिनं वाचलं.

"थांब. पुन्हा वाच."

"का? डुलकी लागली होती?"

"वाच गं पुन्हा."

तिनं वाचलं. तेरा. माझ्या बोटाखालचा आकडा चौदा होता.

मी घड्याळ बघितलं. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दीडला सभागृह बसणार, तीनच्या सुमारास या विधेयकाचं तिसरं, म्हणजे शेवटचं, वाचन होणार, चारला राज्यपाल येऊन सही करणार आणि त्यानंतर सभागृह उठणार होतं, ते थेट शरद ऋतूतल्या निवडणुकीपर्यंत. आणि हा कायदा सही झाल्या क्षणापासून लागू होणार होता.

विधेयक सुइणींचं होतं. सहाव्या कलमात म्हटलं होतं की परवान्याशिवाय कुणी बाळंतपण केलं तर तो गुन्हा. फक्त अमुक कलमातल्या व्यक्तींना तो लागू नाही. त्या व्यक्ती म्हणजे उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्त्यांमधल्या जुन्या सुइणी. ज्या वस्त्यांत डॉक्टर महिन्यातून एकदा विमानानं येतो, तिथे बाळ डॉक्टरची वाट बघत बसत नाही. या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते काम करत आल्या आणि जुन्या कायद्यानं त्या पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारच ठरत आल्या. उत्तरेच्या आमदार अल्व्हिना फ्लेट यांनी सहा वर्षं भांडून ही सूट मिळवली होती.

समितीपुढे विधेयक गेलं तेव्हा त्यात एक नवं नववं कलम घुसलं. मग पुढची सगळी कलमं एकेक घर खाली सरकली. सुइणींची सूट तेराव्या घरातून चौदाव्यात गेली, आणि तेराव्यात दुसराच भाडेकरू आला: रुग्णासोबत परप्रांतातून आलेले डॉक्टर. म्हणजे इंग्रजी मजकुराप्रमाणे आज चार वाजल्यापासून पाहुण्या डॉक्टरांना मोकळीक, आणि सुइणी पुन्हा गुन्हेगार. तेही आता नव्या, जास्त कडक शिक्षेसह.

"पण सिस्टीमनं आकडा बदलायला हवा होता," मी म्हटलं.

 हॅलिनानं खुर्ची संगणकाच्या पडद्याकडे वळवली आणि बाण त्या तेरावर नेला.

आमच्या सिस्टीममध्ये एका कलमातून दुसऱ्या कलमाचा उल्लेख करायचा तर आकडा टाइप करायचा नसतो. यादीतून ते कलम निवडायचं. मग तो उल्लेख त्या कलमाला जणू दोरीनं बांधला जातो. कलम सरकलं की आकडा आपोआप बदलतो. अशा उल्लेखावर बाण नेला की खाली निळी रेघ येते. ऑफिसात आम्ही त्याला जिवंत उल्लेख म्हणतो. हातानं टाइप केलेला आकडा म्हणजे मेलेला. तो लिहिला तिथेच पडून राहतो, जग इकडचं तिकडे झालं तरी.

रेघ आली नाही.

"मेलेला आहे," हॅलिना म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "फ्लेट बाईंची दुरुस्ती मीच चढवली. समिती चालूच होती, वरून माणूस येऊन दारात उभा होता, मी टाइप केलं आणि म्हटलं नंतर बांधते. ओडेट, मी नंतर बांधलंच नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पण मेलेल्यांच्या यादीत आला असेल ना? यादी तू बघतेस."

यादी मी बघते. सत्तावीस वर्षं मी या तळघरात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधते आहे. सिस्टीम नव्हती तेव्हा उल्लेखांची कार्डं करून खोक्यात लावायचे. समितीनंतर सिस्टीम एक यादी काढते: या विधेयकात इतके मेलेले उल्लेख आहेत. त्यातला प्रत्येक उघडून बघायचा, तो जाणूनबुजून तसा ठेवला असेल तर खूण करायची.

मी यादी उघडली. मेलेले उल्लेख: एक. खूण केलेली. ओडेट रोबिदू, दोन जून, चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

आणि मला लख्ख आठवलं. त्या विधेयकात पहिल्यापासूनच एक मेलेला उल्लेख होता, केंद्राच्या दंडसंहितेचा. ती आमच्या सिस्टीमबाहेर, तिला दोरी बांधता येत नाही. महिनाभर प्रत्येक यादीत तो एकच यायचा आणि मी खूण करायची. समितीनं ते वाक्यच गाळलं, त्याबरोबर तो उल्लेख गेला आणि हा नवा आला. एक होता, एकच राहिला. मी उघडून बघितलंच नव्हतं.

"मीच आहे," मी म्हटलं. 

"दोघी आहोत," हॅलिना म्हणाली. "चल. वेंडेलकडे."

वेंडेल स्टोब आमच्या कायदे-मसुदा विभागाचे प्रमुख. प्रांतातले निम्मे कायदे त्यांच्या हातचे आहेत, आणि बाकीचे निम्मे त्यांनी लाल पेन्सिलीनं सोलून काढलेले. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं. त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"अजून कुणालाच नाही."

"बरं केलंत. दार लावा."

हॅलिनानं दार लावलं. वेंडेल उठून खिडकीपाशी गेले. तळघराची खिडकी, बाहेर फक्त हिरवळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात.

"दुरुस्ती करायची तर विधेयक परत समितीत न्यावं लागेल," ते म्हणाले. "आज, या घडीला, त्यासाठी सगळ्या सभागृहाची संमती हवी. सगळ्या म्हणजे सगळ्या. एक जण जरी नाही म्हणाला तरी संपलं. आणि तीन आठवडे ग्रँट ओलाफसन प्रत्येक गोष्टीला काय म्हणतोय?"

"नाही," हॅलिना म्हणाली.

ओलाफसन विरोधी पक्षाचा आमदार, सरोवरकाठच्या मासेमारांच्या गावचा. तिथल्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग आरोग्यमंत्र्यांनी बंद करायचं ठरवलं तेव्हापासून तो सरकारला एका मिनिटाची सवलत देत नव्हता. जेवणाची सुट्टी दहा मिनिटं आधी घ्यायची म्हटली तरी उभा राहून नाही म्हणायचा.

"तो नाही म्हणाला की मंत्र्यांपुढे दोनच रस्ते," वेंडेल म्हणाले. "चुकलेला कायदा मंजूर करायचा, किंवा विधेयक मरू द्यायचं. निवडणुकीनंतर कोण येईल, कुणी सांगावं? सहा वर्षं पाण्यात. दुसरा मार्ग असा. आहे तसं मंजूर होऊ द्या. टायपातल्या आणि क्रमांकांच्या चुका आपल्याला आपल्या अधिकारात सुधारता येतात. साडेचारला मी सुधारणेची चिठ्ठी काढतो, तेराचे चौदा होतात, पाचला छापील प्रत निघते. फ्रेंचमधला उल्लेख बांधलेला होता, तो बरोबरच आहे. हेतू काय होता ते सगळ्यांना माहीत आहे."

"तो अधिकार अर्थ बदलत नसेल तेव्हाचा आहे," हॅलिना म्हणाली. "इथे कोण गुन्हेगार आणि कोण नाही तेच बदलतंय. वेंडेल, पहिल्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत मला: सभागृहानं जे मंजूर केलं तोच कायदा, आपल्याला जे आवडलं असतं तो नव्हे."

"शिकवलं होतं. आणि कोर्टात गेलं तर न्यायाधीश फ्रेंच बघून बरोबर अर्थ लावतील, हेही शिकवलं होतं."

"कोर्टात जाईपर्यंत त्या बाईला पकडून नेलेलं असेल. तिथला शिपाई फ्रेंच वाचत बसणार आहे का?"

"चिठ्ठी निघाल्यावर तो इंग्रजीही बरोबरच वाचेल ना!" वेंडेलचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी काय त्या बायकांचं वाईट चिंततोय का, हॅलिना? विचारायला गेलात की चूक आहे हे जाहीर झालं, मग चिठ्ठीचा रस्ता बंद. आणि ओलाफसन नाही म्हणाला तर? मग तुझी तत्त्वं घेऊन तू जा उत्तरेला आणि सांग त्यांना."

 खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं. आणि पटण्याला आणखी एक कारण होतं, ते मी मनातल्या मनातही नीट उच्चारत नव्हते. चिठ्ठी निघाली की ती चूक 'टायपातली' ठरणार. दोन जूनची माझी खूण कुणी उघडून बघणार नाही.

वेंडेलनी खणातून कोरी चिठ्ठी काढली. दोन सह्या लागतात: मसुदा लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. "मसुद्याची सही मी करतो," ते म्हणाले. "ओडेट, तपासणीची तुझी. वेळ आली तर असू दे तयार."

त्यांनी सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. हॅलिना माझ्याकडे बघत नव्हती; ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. पावणेबारा.

मी चिठ्ठी वाचली. वाचल्याशिवाय सही करायची नाही ही खोड आहे माझी. त्या दोन जूनला तीच कुठे गेली होती कोण जाणे. 'अर्थावर परिणाम न होणारी क्रमांकाची चूक' असं छापलेलं होतं. मी ते तीन वेळा वाचलं. मनात सहावं कलम म्हणून बघितलं, तेरा घालून एकदा, चौदा घालून एकदा.

"ही दुरुस्ती आपण कुणासाठी लिहिली होती?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सहाव्या कलमातले हे शब्द मंत्र्यांचे नाहीत. फ्लेट बाईंचे आहेत. त्या आपल्याकडे आल्या, आपण त्यांना लिहून दिलं. त्या दुरुस्तीपुरत्या आपल्या पक्षकार त्याच आहेत. डॉक्टरनं चुकीचा पाय कापला तर तो आधी रोग्याला सांगतो की इस्पितळाच्या मॅनेजरला?"

"चुकीचा पाय," वेंडेल म्हणाले. "झकास."

"त्यांना सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही." मी पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळलं, ते मी पुन्हा पकडून ठेवलं. "आणि खरं म्हणजे सांगितल्यावरही करणार नाही. अर्थावर परिणाम होतो, वेंडेल. मी हे लिहून दिलं तर ते खोटं होईल."

 वेंडेलनी चिठ्ठी उचलली, दोनदा फाडली आणि टोपलीत टाकली. ते रागावले होते का सुटले होते, मला कळलं नाही.

"मग मला मंत्र्यांकडे जायला हवं. देव मला वाचवो. हॅलिना, दोन्ही भाषांत दुरुस्ती तयार ठेव, संमती मिळालीच तर दहा मिनिटंसुद्धा मिळणार नाहीत. आणि तू," ते माझ्याकडे वळले, "खूण तुझी आहे. फ्लेट बाईंना तूच सांग."

फ्लेट बाई आपल्या खोलीत थर्मासमधून माशाचं सूप पीत होत्या. शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. समोर उभं राहिलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

"अगं बाई, तळघरातली माणसं उजेडात," त्या म्हणाल्या. "म्हणजे काहीतरी मोडलंय. बस."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं: आकडा, कलमं, कुणाला सूट मिळणार होती आणि आता कुणाला मिळणार. त्या ऐकत असताना चमचा हळूहळू खाली गेला.

"म्हणजे चार वाजता माझी बहीण गुन्हेगार. तीही तिथली सुईणच."

"इंग्रजीप्रमाणे, हो."

"चूक कुणाची?"

"माझी. शेवटची तपासणी माझी होती. उघडून न बघता मी खूण केली."

"हं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "गुपचूप सुधारायची काही सोय असेलच की तुमच्याकडे."

 ऑफिसातलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. पण माझ्या चेहऱ्यावर त्यांनी ते वाचलं असणार.

"असणारच," त्या म्हणाल्या. "माझ्या मावशीनं दोनशेच्या वर बाळंतपणं केली. मी सात वर्षांची असताना एक अधिकारी विमानातून उतरला आणि तिची पिशवी घेऊन गेला. कात्री, दोरा, स्वच्छ फडकी. म्हणाला, रीतसर कागद येईल, मग परत मिळेल. भला माणूस होता तो, खोटं बोलत नव्हता. कागद काही आला नाही. मागून दुरुस्त होणारे कागद आम्ही फार बघितलेत, ओडेट. सभागृहात उभ्यानं म्हटलेलं मला हवंय. सगळ्यांच्या देखत."

"ओलाफसन नाही म्हणाले तर विधेयक मरेल."

"ते कळतं मला." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.  "ग्रँटशी मी बोलते. तुम्ही लोकांनी आकडा नीट लिहा म्हणजे झालं."

सव्वा वाजता मी सभागृहाबाहेरच्या खांबापाशी उभी होते. फ्लेट बाई ओलाफसनच्या कोपराशी पोचत होत्या. तो खिशात हात घालून, मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं खांदे उडवले आणि आत गेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, विचारतील तेव्हा बघू." फ्लेट बाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. "म्हणाला, माझ्या गावच्या बायकांचं कुणी काही विचारलं नाही तीन आठवडे, आणि आता सगळ्यांना माझी संमती हवी. वर म्हणाला, 'अल्व्हिना, माझ्या जागी तू असतीस तर सोडलं असतंस का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नसतं सोडलं, म्हणाले. खोटं कशाला बोलू?"

मी खाली धावत आले. हॅलिनाचा पडदा लाल झाला होता. सहीची प्रत म्हणून विधेयक सकाळीच बंद केलेलं. ते उघडायचा अधिकार फक्त वेंडेलना, आणि वेंडेल अजून मंत्र्यांकडे होते.

"कागदावर लिहून देऊ का?" हॅलिना म्हणाली. "हातानं? सरळ?"

"सभागृहात दुरुस्ती चालेल. पण प्रत बदलल्याशिवाय राज्यपालांपुढे काय ठेवणार?"

दोन वाजून वीस मिनिटांनी वेंडेल आले. टाय सैल झाला होता. "मंत्री काय काय म्हणाले ते मला विचारू नका," ते म्हणाले. "शेवटी म्हणाले, विचारतो. सरक." त्यांनी उभ्यानंच कुलूप उघडलं. हॅलिनानं तो तेरा खोडला, यादी उघडली, चौदावं कलम निवडलं. निळी रेघ आली. खात्री करायला तिनं प्रतीच्या नकलेत एक खोटं कलम मध्ये घालून बघितलं. चौदाचे पंधरा झाले. काढलं, पुन्हा चौदा.

"मेलेले?" वेंडेलनी विचारलं.

"शून्य."

"शून्यावर माझा विश्वास नाही आज," मी म्हटलं. विधेयकात एकसष्ट उल्लेख होते. मी एकेक उघडला, ज्या कलमाकडे तो जातो ते वाचलं, मगच पुढे गेले. हॅलिना शेजारी फ्रेंचमध्ये तेच करत होती. वेंडेल मागे उभे राहून मोजत होते. कुणी कॉफीला हात लावला नाही. एकसष्टावा झाला तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती.

प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही तिघं शेवटच्या बाकावर बसलो. खाली मंत्री उभे राहिले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. "अध्यक्षमहोदय, सुइणींच्या विधेयकात मसुद्याची एक चूक राहिली आहे. ती अशीच राहिली तर ज्या बायकांना संरक्षण द्यायचं त्यांनाच ते मिळणार नाही. विधेयक पुन्हा समितीपुढे नेण्यासाठी मी सभागृहाची संमती मागतो."

"सभागृहाची संमती आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

आमच्याकडे संमती मोजत नाहीत, नकाराची वाट बघतात. अध्यक्ष डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. कुणी 'नाही' म्हटलं नाही की संमती. ती वाट बघणं एरवी दोन सेकंदांचं असतं. अध्यक्षांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि ओलाफसन उभा राहिला.

हॅलिनानं माझं मनगट धरलं. तिची नखं लागत होती. फ्लेट बाई समोर सरळ बघत होत्या, हात मांडीवर, वर्गात पर्यवेक्षणाला बसल्यासारख्या.

"अध्यक्षमहोदय," ओलाफसन म्हणाला, "मार्चमध्ये आमच्या विभागातला डॉक्टर रजेवर होता म्हणून गावची एक मुलगी शहराकडे यायला निघाली. पोटात कळा. वाटेत वादळ. तिचं मूल पेट्रोलपंपाच्या मागच्या खोलीत झालं. पंपावर काम करणाऱ्या बाईनं केलं सगळं. त्या बाईकडे कसला परवाना आहे मला माहीत नाही. ती मुलगी माझी सून आहे."

त्यानं एकदा मंत्र्यांच्या बाकाकडे बघितलं.

"तीन आठवडे मी नाही म्हणतोय. आज मंत्र्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय, आणि माझ्या गावाला मंत्र्यांकडून. ही संधी सोडणारा माणूस मूर्ख म्हणायचा. दुपारपासून माझ्या पक्षातल्या चार जणांनी मला तेच सांगितलं." तो थांबला. मंत्री त्याच्याकडे बघत होते. एक शब्द दिला असता तर, पण त्यांनी दिला नाही. ओलाफसननं मान हलवली. "पण बाळ झेलणाऱ्या बाईला मी अडवणार नाही. कुठल्याच गावच्या. पुढच्या प्रस्तावाला माझा नकार आहे, हे आत्ताच लिहून घ्या." आणि तो बसला.

"संमती आहे," अध्यक्ष म्हणाले.

बाकीचं सहा मिनिटांत झालं. समिती (अशा वेळी सगळं सभागृहच समिती म्हणून बसतं), दुरुस्ती, मतदान, तिसरं वाचन. चार वाजून दहा मिनिटांनी राज्यपालांनी सही केली आणि माझ्या लक्षात आलं की हॅलिनानं पुन्हा माझं मनगट धरलंय. वेंडेल केव्हाच उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी काय घडलं ते लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं, दोन जूनच्या खुणेसकट. हॅलिनानंही तिचं लिहून दिलं. आम्हा दोघींना लेखी समज मिळाली. ती आमच्या नोंदींत राहील. पंधरा दिवस वेंडेल माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "त्या दिवशी तू सही केली असतीस ना, तर मी ती चिठ्ठी काढली असती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा." एवढं बोलून गेले.  आता मेलेला उल्लेख कुणी एकटं तपासत नाही, दोघांनी उघडायचा आणि दोघांनी खूण करायची, असा नियम झालाय.

ओलाफसनच्या गावचा विभाग ऑगस्टमध्ये बंद झाला. निवडणुकीत तो थोडक्यात निवडून आला, आणि नोव्हेंबरात पायऱ्या उतरून आमच्या तळघरात आला. त्याला स्वतःचं विधेयक हवं होतं, रस्त्यानं दोन तासांपेक्षा लांब असलेल्या गावातला बाळंतपणाचा विभाग सभागृहाला विचारल्याशिवाय बंद करता येऊ नये, असं. हॅलिनानं इंग्रजी लिहिलं, मी फ्रेंच तपासलं. नऊ उल्लेख होते. आम्ही दोघींनी प्रत्येक उघडून बघितला.

ते चौदा मतांनी पडलं. मतदानानंतर तो पुन्हा खाली आला. आम्हाला वाटलं, ओरडायला आलाय.

"लिहिलं छान होतं," तो म्हणाला. "वसंतात पुन्हा मांडतो. तयार ठेवा."